कितीदां आणि किती?

मनुष्य खोटें बोलतो तें वाक्यांतील कोणत्या शब्दानें बोलतो, हा प्रश्न नीतिशास्त्रावरील ग्रंथांत फारसा विचारलेला आढळत नाहीं. सामान्य समजूत अशी कीं, असत्याचें ठाणें नामांत किंवा क्रियापदांत असावयाचें. चोरी करून ‘केली नाहीं’ म्हणणें, अथवा एकानें केलेलें कृत्य दुसऱ्याच्या माथीं मारणें, याला आपण असत्य म्हणतों. वाक्यांतील उरलेल्या शब्दांकडे वाक्याचा साज म्हणून पाहतों. परंतु बऱ्या घरांत वाढलेल्या व चार बुकें शिकलेल्या माणसांच्या आयुष्यांत असें उघड असत्य बोलण्याचे प्रसंग थोडे येतात. त्यांचें असत्य निराळ्या जागीं राहतें. ‘तो नेहमींच उशिरां येतो’, ‘तिनें माझें कधींच ऐकलें नाहीं’, ‘मला फार वाईट वाटलें’, ‘जरासा उशीर झाला’, या वाक्यांतील उशिरां येणें, न ऐकणें, वाईट वाटणें, उशीर होणें हें सारें खरेंच असतें. खोटें असलेंच तर तें ‘नेहमींच’, ‘कधींच’, ‘फार’ आणि ‘जरासा’ या चार शब्दांत असतें. आणि तें तेथें असूं शकतें अशी बोलणाराला बहुधा शंकाही येत नाहीं. कितीदां आणि किती हें सांगणाऱ्या शब्दांत सत्य व असत्य असा भेद संभवतो काय, आणि संभवत असल्यास त्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न आम्हीं प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे.

स्वभाषेंत हा प्रश्न नीटसा दिसत नाहीं. लहानपणापासून तोंडीं बसलेले शब्द विचार करण्यापूर्वींच निघून जातात. त्यांचें वजन करून पाहण्याची सवड जीभ देत नाहीं. परकी भाषा शिकूं लागलें म्हणजे मात्र हींच क्षुल्लक अव्ययें वाट अडवून उभीं राहतात. सध्यां आमच्या इकडील तरुण मंडळींत कोरियन भाषा शिकण्याची हौस वाढली आहे. तिकडील गाणीं व चित्रमालिका हें त्याचें एक कारण; पुण्याजवळ रांजणगांव, तळेगांव या भागांत कोरियन कारखाने आहेत, हें दुसरें; आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत माध्यमिक शाळांतून शिकवावयाच्या परदेशी भाषांत कोरियनचें नांव घातलें गेलें, हें तिसरें. मराठी मनुष्याला या भाषेची वाक्यरचना परकी वाटत नाहीं. कर्ता आधीं, कर्म मागून आणि क्रियापद शेवटीं. विभक्तीचें काम करणारे प्रत्यय नामाच्या मागें. आणि समोरच्याचा मान पाहून क्रियापदाचें रूप बदलणें, हें सारें त्याच्या ओळखीचें असतें. राजा सेजोंग यानें १४४३ सालीं सिद्ध केलेली व १४४६ सालीं प्रजेच्या हातीं दिलेली लिपि तर थोड्या दिवसांत वाचतां येऊं लागते. मग क्रियाविशेषणांचा धडा येतो आणि तो सर्वांत सोपा वाटतो. कारण या शब्दांना ना लिंग, ना वचन. परंतु खरें अडखळणें सुरू होतें तें तेथेंच.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत या शब्दांची एक शिडी मांडलेली असते. सर्वांत वरच्या पायरीवर ‘हांग्सांग’, म्हणजे नेहमीं. त्याच्याच शेजारीं ‘नुल’ आणि ‘ओन्जेना’. त्याखालीं ‘जाजू’, म्हणजे वारंवार, मग ‘जोंगजोंग’, मग ‘गाक्कुम’, म्हणजे अधूनमधून, मग ‘गोई’, जो नकाराबरोबर आला म्हणजे ‘जवळजवळ नाहींच’ असा अर्थ देतो, आणि तळाशीं ‘जोन्ह्यो’, म्हणजे मुळींच नाहीं. कांहीं पुस्तकांत शेजारीं शेंकडेवारीही घातलेली असते: वर शंभर, तळाशीं शून्य, आणि मधल्या पायऱ्यांना मधले आंकडे. आपल्या भाषेंत जसे ‘सदा’ हा संस्कृत आणि ‘रोज’ हा फारसी शब्द शेजारीं शेजारीं नांदतात, तसाच तिकडे ‘हांग्सांग’ हा चिनी मुळाचा आणि ‘नुल’ हा अस्सल देशी शब्द नांदतो. ‘ओन्जेना’ हा ‘केव्हां’ या अर्थाच्या ‘ओन्जे’पासून झाला, म्हणजे आपलें ‘केव्हांही’. ‘ते’ म्हणजे वेळ. त्याची द्विरुक्ति करून ‘तेत्तेरो’ हा शब्द होतो, आणि आपणही ‘वेळोवेळीं’ असेंच म्हणतों. असें घरगुती साम्य पाहून विद्यार्थ्याला धीर येतो व तो शिडी पाठ करून टाकतो.

पण शिडीवरील आंकड्यांवर विश्वास ठेवला तर ते फसवितात. एखाद्या गांवीं वर्षांतून दोनदां भूकंप होत असेल, तर तेथें भूकंप वारंवार होतात असेंच कोणीही म्हणेल. परगांवीं राहणारा मुलगा वर्षांतून दोनदां घरीं पत्र पाठवीत असेल, तर तो वारंवार पत्र पाठवितो असें त्याची आई म्हणणार नाहीं. संख्या एकच, पण शब्द परस्परविरुद्ध. तेव्हां ‘जाजू’ किंवा ‘वारंवार’ हा शब्द नुसतें मोजून मिळत नाहीं. किती घडावें अशी अपेक्षा होती, तिच्याशीं ताडून तो मिळतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील मिलेटसच्या युबुलिडीसाचा ढिगाविषयींचा कूटप्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एकेक दाणा काढीत गेल्यास धान्याची रास कोणत्या दाण्यापाशीं रास राहत नाहीं, हें कोणालाच दाखवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें कितव्या वेळीं ‘अधूनमधून’चें ‘वारंवार’ होतें, हेंही दाखवितां येणार नाहीं. यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, अशा शब्दांत सत्य-असत्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्याला जसें वाटेल तसें त्यानें बोलावें. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. पहांटेचा नेमका क्षण दाखवितां येत नाहीं, एवढ्यावरून मध्यरात्रीं ‘दिवस उगवला’ म्हणणाराचें म्हणणें खरें ठरत नाहीं. शीव धूसर असली म्हणून दोन्ही गांवें एक होत नाहींत. खरें एवढेंच कीं, या शब्दांचें सत्य एकट्या बोलणाराच्या मनांत ठरत नसतें. ऐकणारा कोणती गोष्ट नित्याची समजतो हें जाणल्यावांचून ‘वारंवार’ हा शब्द खरेपणानें वापरतांच येत नाहीं. म्हणूनच कोरियन शिकणाराला ‘जाजू’ शिकण्यासाठीं त्या लोकांत आईबापांस किती दिवसांनीं भेटण्याची रीत आहे, बाहेर जेवण्याची किती वहिवाट आहे, हेंही शिकावें लागतें.

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. ॲरिस्टॉटलनें सद्गुण हा सुट्या कृत्यांत न पाहतां अंगीं मुरलेल्या सवयींत पाहिला. ही गोष्ट मान्य केली म्हणजे असें दिसून येईल कीं, कृत्यावरून शीलावर जाण्याचा जो पूल आहे, तो ‘कितीदां’ सांगणाऱ्या शब्दांचाच बांधलेला आहे. ‘त्यानें खोटें सांगितलें’ हें एका कृत्याचें वर्णन झालें. ‘तो वारंवार खोटें सांगतो’ हा त्याच्या शीलावर दिलेला निकाल झाला. आणि ‘तो नेहमींच खोटें सांगतो’ असें म्हटलें कीं अपिलाची वाटही बंद झाली. कारण उद्यां तो खरें बोलला तरी तें खरें मानण्यास कोणी तयार होणार नाहीं. तिन्हीं वाक्यांत माणूस तोच आणि दोषही तोच. मध्यें एक शब्द आला आणि त्या माणसाची किंमत बदलली. घरांतील भांडणें आठवून पहावींत. सुनेच्या हातून एकदां दूध उतूं जातें. सासू म्हणते, ‘हिचें हें नेहमींचेंच आहे.’ नवरा एक निरोप विसरतो. बायको म्हणते, ‘तुम्हांला माझें कांहीं कधींच आठवत नाहीं.’ दुधाचा किंवा निरोपाचा वाद पांच मिनिटांत मिटला असता. परंतु आतां तो दुधाचा राहिलेला नसतो. तो त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याचा झालेला असतो, आणि सगळ्या आयुष्याचा बचाव कोणालाच उभ्या उभ्या करतां येत नाहीं. चूक एकदांची आणि शिक्षा कायमची, याला न्याय म्हणतां येणार नाहीं. हा अन्याय करावयास दुष्ट हेतु लागत नाहीं. एक अव्यय पुरतें.

नकाराच्या बाबतींत कोरियन भाषा ही गोष्ट आणखी स्पष्ट करते. ‘ब्योल्लो’, ‘जोन्ह्यो’, ‘ग्योल्को’ हे शब्द नकाराच्या सोबतीनें यावयाचे. ‘ब्योल्लो’ म्हणजे आपलें ‘फारसें’. ‘फारसें आवडलें’ असें मराठींत म्हणतां येत नाहीं, ‘फारसें आवडलें नाहीं’ असेंच म्हणावें लागतें, ‘ब्योल्लो’चेंही तसेंच. ‘जोन्ह्यो’ म्हणजे मुळींच, आणि ‘ग्योल्को’ म्हणजे कदापि. क्रियापद शेवटीं ठेवणाऱ्या भाषेंत अशा शब्दांमुळें वाक्य अर्ध्यावर असतांनाच ऐकणाराला नकाराची चाहूल लागते, आणि बोलणाराही बांधला जातो. ‘ग्योल्को’ उच्चारल्यावर क्रियापदापाशीं येऊन मन बदलतां येत नाहीं. या शब्दाच्या मुळाशीं ‘निश्चय करणें’ या अर्थाचें चिनी अक्षर आहे, आणि नुसती मोजणी सांगण्यापेक्षां बोलणाराचा निर्धार त्यांत अधिक असतो. परंतु आम्हांस या गटांत ‘ब्योल्लो’चें महत्त्व सर्वांत अधिक वाटतें. ज्या विद्यार्थ्याला तो शब्द ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें ‘आवडलें’ आणि ‘आवडलें नाहीं’ अशा दोनच वाटा असतात. यजमानानें जेवण कसें झालें म्हणून विचारलें असतां पहिल्या वाटेनें गेल्यास तो खोटा ठरतो आणि दुसरीनें गेल्यास कठोर. मधली वाट भाषेंत आहे, पण त्याच्यापाशीं नाहीं. सौम्यपणा आणि सत्य यांची गांठ पडण्यासाठीं सद्धेतु पुरत नाहीं. शब्दही लागतो, हें यावरून ध्यानांत येईल.

‘किती’ सांगणाऱ्या शब्दांची कथा निराळी आहे. ‘आजू’, ‘मेउ’, ‘मूछोक’ हे सारे ‘फार’ या अर्थाचे. ‘मोप्सी’ म्हणजेही फार, परंतु विशेषतः थंडी, दुखणें, थकवा अशा सोसावयाच्या गोष्टींबरोबर शोभणारा. ‘क्वे’ म्हणजे बऱ्यापैकीं. आणि ‘जेबोप’ म्हणजे अपेक्षेच्या मानानें बरेंच, म्हणून वडील माणसाची स्तुति करतांना तो जपून वापरावा लागतो, कारण आपली अपेक्षा कमी होती अशी कबुली त्यांत येते. या सर्वांत ‘नोमू’ या शब्दाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. ओलांडणें या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला. त्याचा जुना अर्थ वाजवीपेक्षां जास्त. वस्तु ‘नोमू’ महाग आहे, कालवण ‘नोमू’ तिखट आहे, असें तक्रारीच्या सुरांत म्हणावयाचें. पण लोक आनंदांतही ‘नोमू’ सुंदर, ‘नोमू’ छान असें म्हणूं लागले. राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेनें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकोशाच्या दृष्टीनें हा प्रयोग चुकीचा होता. दूरचित्रवाणीवर कोणी तसें बोलल्यास पडद्यावरील अक्षरांत ‘नोमू’च्या जागीं ‘जोंगमाल’ असा शब्द घालून तें दुरुस्त करीत. अखेरीस २०१५ सालीं त्या संस्थेनें व्याख्या बदलली. वाजवीपेक्षां जास्त हा दोषवाचक अर्थ काढून मर्यादेच्या बरेंच पलीकडे असा तटस्थ अर्थ घातला, आणि चांगल्या गोष्टींबरोबरही ‘नोमू’ शुद्ध ठरला.

मराठी वाचकानें यावर हंसण्याचें कारण नाहीं. आपला ‘अतिशय’ याच वाटेनें आलेला आहे. ‘अति’ म्हणजे पलीकडे. अति तेथें माती, या म्हणींत तो अर्थ अजून शाबूत आहे. परंतु ‘अतिशय गोड’ म्हणतांना माती कोणाच्या मनांत येत नाहीं. ‘खूप’ हा मूळचा फारसी ‘खूब’, म्हणजे चांगला. चांगल्याचें आपण पुष्कळ करून टाकलें. ‘भयंकर’ हा शब्द तर आतां भय नसतांही चालतो. कन्फ्यूशियसाच्या परंपरेंत मर्यादा ओलांडणें हें मर्यादेपर्यंत न पोहोंचण्याइतकेंच सदोष मानलेलें आहे. त्या परंपरेंत शतकानुशतकें वाढलेल्या समाजानें ओलांडण्याच्याच शब्दाला स्तुतीचा शब्द करावा, यांत थोडा विनोद असला, तरी जीभ सगळीकडे सारखीच हें त्यावरून दिसतें. त्याहून चिंतनीय गोष्ट अशी कीं, ‘नोमू’च्या जागीं जे शब्द शुद्ध म्हणून सुचविले जात, त्यांतील ‘जोंगमाल’ म्हणजे शब्दशः ‘खरें बोलणें’. ‘छाम’ म्हणजे सत्य, आणि ‘जिन्चा’ म्हणजे अस्सल. हे दोनही आज ‘फार’ याच अर्थीं राबतात. आपणही ‘खरोखर सुंदर’, ‘खरेंच फार चांगला’ असें म्हणतोंच. सत्याच्या शब्दाला प्रमाण वाढविण्याच्या कामीं कां लावावें लागतें? नुसत्या ‘सुंदर’ या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं अशी बोलणाराला धास्ती असते, म्हणून तो सत्याला जामीन ठेवतो. पुढच्या वेळीं जामिनावांचून बोललेला साधा शब्द अधिकच हलका वाटतो. नाण्यांत हीण मिसळूं लागलें म्हणजे जसें होतें, तसेंच हें आहे.

मग दोष कोणाचा? येथें दोन टोंकें टाळलीं पाहिजेत. ‘नोमू सुंदर’ म्हणणारा प्रत्येक मनुष्य असत्यवादी, असें म्हणणें हें एक टोंक. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांसही त्या नाण्याचा बट्टा ठाऊक असेल तर देवघेव चोख होते. त्यांत कोणी फसत नाहीं. भाषा बदलते याचा जाब एकट्यादुकट्याकडे मागतां येत नाहीं. उलटपक्षीं, शब्द हे नुसते संकेत आहेत, तेव्हां त्यांत फसवणूक ती कसली, असें म्हणणें हें दुसरें टोंक. संकेत एकाच बाजूस ठाऊक असला तर दुसरी बाजू नाडली जाते, आणि तें बोलणाराला कळत असेल तर तो दोषी होतो. परंतु अतिशयोक्तीनें सर्वांत मोठें नुकसान होतें तें या दोघांचेंही नव्हे. आम्हां प्राध्यापक मंडळींस शिफारसपत्रें लिहावीं लागतात. त्यांत ‘अत्यंत हुशार’, ‘अतिशय कष्टाळू’ या शब्दांची इतकी वहिवाट पडली आहे कीं, वाचणाराही बट्टा वजा करूनच वाचतो. त्यामुळें मध्यम विद्यार्थ्याचा फायदा होत नाहीं आणि वाचणारा फसतही नाहीं. पण रात्रीं नोकरी करून दिवसां वर्गांत बसणारा, आणि एकही तास न चुकविणारा एखादा विद्यार्थी जेव्हां येतो, तेव्हां त्याच्यासाठीं शब्दच शिल्लक राहिलेला नसतो. जो शब्द न्यायानें त्याचा, तो आधींच शंभरांना वांटून झालेला असतो. अतिशयोक्तीचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो तो मनुष्य बहुधा त्या संभाषणांत हजरही नसतो. म्हणून तिचें पाप कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं.

प्रमाण वाढविण्यांत जसा दोष आहे, तसा कमी करण्यांतही आहे. ‘जोगुम’ म्हणजे थोडें. त्याचेंच आंखडलेलें रूप ‘जोम’. कोरियन मनुष्य पाणी मागतांना ‘पाणी जोम द्या’ म्हणतो, आणि आपण ‘जरा पाणी द्या’ म्हणतों. आपला ‘जरा’ हा मूळचा अरबी, कण या अर्थाचा. कणभर पाणी मागितलें म्हणून कोणी थेंबभर आणून देत नाहीं. विनंतीचा भार हलका करण्यापुरतें तें थोडेंपण असतें, आणि तें दोघांनाही ठाऊक असतें. यांत असत्य नाहीं. परंतु हाच शब्द साक्षीच्या जागीं आला म्हणजे काय होतें तें पहावें. दक्षिण कोरियांत २००४ सालापासून परदेशी कामगारांना परवान्यानें कामावर घेण्याची पद्धति चालू आहे, आणि नेपाळ, व्हिएतनाम, इंडोनेशिया इत्यादि देशांतील तरुण कोरियन भाषेची परीक्षा देऊन तिकडच्या कारखान्यांत व शेतांवर जातात. अशा एखाद्या तरुणाच्या छातींत दुखूं लागलें आणि डॉक्टरांनीं विचारलें, ‘गाक्कुम दुखतें कीं जाजू? जोगुम कीं मोप्सी?’ तर त्याच्या उत्तरांतील त्या एका शब्दावर पुढील सर्व उपचार अवलंबून राहणार. कांहीं भिडेपोटीं, कांहीं रोजगार बुडेल या भीतीनें, कांहीं दुसरा शब्द जिभेवर नसल्यामुळें तो ‘जोगुम’ म्हणाला, तर डॉक्टरांनीं काय समजावें? विनंतींत जो शब्द विनय होता तोच येथें खोटी साक्ष झाला, आणि ती त्यानें स्वतःच्याच विरुद्ध दिली. आपल्या घरांतील बायकांनाही हें दुखणें अपरिचित नाहीं. ‘जरा अंग मोडून आलें आहे’ असें म्हणत तापांत भाकऱ्या थापणाऱ्या किती जणी सांगाव्या! दुसऱ्याविषयीं प्रमाण वाढवावयाचें आणि स्वतःच्या दुःखाविषयीं तें कमी करावयाचें, यांतील दुसऱ्या सवयीला आपण सोशिकपणा म्हणून गौरवितों. पण ज्याला मदत करावयाची आहे त्याची वाट ती चुकविते, हें विसरतां कामा नये.

याच संबंधांत कोरियन भाषेंतील एक बारीक भेद सांगण्याजोगा आहे. ‘जाल’ म्हणजे चांगलें, आणि ‘मोत’ हा न जमण्याचा वाचक. हे दोन शब्द सुटे ठेवून त्यांस ‘करणें’ हें क्रियापद जोडलें, तर ‘नीट जमत नाहीं’ असा अर्थ होतो; तेच जोडून लिहिले तर ‘चूक करणें’, ‘अपराध करणें’ असा होतो, आणि क्षमा मागतांना हाच जोडशब्द वापरतात. असमर्थता आणि अपराध यांच्यामध्यें लेखनांत फक्त एक मोकळी जागा आहे. बोलण्यांत तर तीही बहुधा ऐकूं येत नाहीं. शिक्षकानें, वरिष्ठानें, आईबापांनीं ती जागा राखली पाहिजे. ज्याला नीट जमत नाहीं त्याला अपराधी ठरविण्याइतकी दुसरी घाई नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, प्रत्येकानें तराजू घेऊन बोलावयाचें ठरविलें तर प्रेम आणि भक्ति मुकीं होतील. ‘मी नेहमीं तुझ्याजवळ असेन’ असें म्हणणाऱ्या आईनें काय ‘शेंकडा सत्तर वेळां’ म्हणावें? आक्षेप योग्य आहे, परंतु तो निवेदन व प्रतिज्ञा यांतील भेद विसरतो. घडून गेलेल्या गोष्टींविषयीं ‘नेहमीं’ म्हणणें हें निवेदन आहे आणि तें मोजणीला बांधलेलें आहे. पुढच्या काळाविषयीं ‘नेहमीं’ म्हणणें ही प्रतिज्ञा आहे. ती मोजून करावयाची नसते, पाळून खरी करावयाची असते. विवाहविधींतील ‘नातिचरामि’ या शब्दांत तोच ‘अति’ आहे, तेंच ओलांडणें आहे. पण तेथें ‘ओलांडणार नाहीं’ असा शब्द दिलेला आहे. जैन तत्त्वज्ञांनीं प्रत्येक विधानामागें ‘स्यात्’, म्हणजे एका दृष्टीनें, असें पद लावण्याचा आग्रह धरला, तो ज्ञानाच्या विधानांसाठीं. वचन देतांना कोणी ‘स्यात्’ लावूं लागला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? गोंधळ होतो तो आपण या दोहोंची अदलाबदल करतों म्हणून. वचन देतांना ‘बघूं’, ‘जमल्यास’, ‘बहुतकरून’ असे शब्द हात आंखडून वापरतों, आणि दुसऱ्याच्या दोषाची हकीकत सांगतांना ‘नेहमीं’ आणि ‘कधींच’ यांची खैरात करतों. याच्या उलट वागणें इष्ट.

इतक्या लहान शब्दांसाठीं एवढा खल कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांनीं कोरियाच्या इतिहासांतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९१० पासून १९४५ पर्यंत तो देश जपानच्या अमलाखालीं होता, आणि पुढें पुढें शाळांतून कोरियन भाषेची हकालपट्टी होत गेली. त्या काळांत कोरियन भाषा-मंडळाचे विद्वान आपल्या भाषेचा कोश रचीत होते. १९४२ सालीं त्यांची धरपकड झाली. यी युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगांतच वारले. कोशाचें हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालें होतें. तें स्वातंत्र्यानंतर १९४५ च्या सप्टेंबरांत सेऊल स्टेशनच्या गुदामांत सांपडलें. त्याचा पहिला भाग १९४७ सालीं निघाला आणि सहावा, शेवटला, १९५७ सालीं. कोश म्हटला म्हणजे त्यांत देश, स्वातंत्र्य, माता असे मोठे शब्दच तेवढे नसतात. त्यांत ‘थोडें’, ‘अधूनमधून’, ‘फारसें’ हेही असतात, आणि त्यांच्याही अर्थाची तितक्याच काळजीनें नोंद घ्यावी लागते. परक्या राजवटीला एखाद्या लोकांविषयीं बोलतांना ‘हे लोक नेहमीं असेच’ एवढें पुरतें. त्या लोकांना मात्र आपल्या जगण्याची हकीकत सांगावयाची तर मधल्या सगळ्या पायऱ्या लागतात. ज्यांनीं तुरुंगांत प्राण सोडले त्यांनीं या पायऱ्याही राखल्या, असें आम्ही समजतों.

तात्पर्य, कितीदां आणि किती हें सांगणाऱ्या शब्दांत सत्य-असत्याचा भेद आहे. तो अंकांनीं ठरत नाहीं, ऐकणाराच्या अपेक्षेवरून आणि ज्याच्याविषयीं बोललें जातें त्याच्या हक्कावरून ठरतो. त्याची जबाबदारी भाषेवर टाकतां येत नाहीं, ती बोलणाराचीच. ती पाळण्यासाठीं फार मोठी विद्वत्ता नको. दुसऱ्याविषयीं ‘नेहमीं’ म्हणण्यापूर्वीं खरोखर कितीदां घडलें तें एकदां आठवून पहावें, आणि ‘कधींच नाहीं’ म्हणण्यापूर्वीं निदान एखादा अपवाद शोधावा. तो बहुतेक सांपडतो. कोरियन शिकणारा विद्यार्थी ‘हांग्सांग’ म्हणावें, ‘जाजू’ म्हणावें कीं ‘गाक्कुम’ म्हणावें, म्हणून वाक्याच्या मध्यें थोडा थांबतो. शिक्षकांनीं त्याला लगेच शब्द सुचवूं नये. तेवढ्या वेळांत तो ज्या माणसाविषयीं बोलत आहे त्या माणसाचा विचार करीत असतो, आणि स्वभाषेंत बोलतांना आपण तो क्वचितच करतों.